पाणीसुद्धा नाही?

परक्या देशात माणसाच्या आधी त्याचा चेहरा बोलतो. रमजानच्या महिन्यात तर न दिसणारी भूकही चारचौघांना समजावून सांगावी लागते. जपानमध्ये राहणाऱ्या मुसलमानांच्या रोजच्या जगण्यातल्या या गोष्टी. काही गमतीच्या, काही बोचणाऱ्या.

टोकियोच्या तोझाई मार्गावरची संध्याकाळची गाडी. मार्च महिना. ओतेमाचीला आत शिरलेली माणसं एकमेकांना खेटून उभी आहेत, पण डब्यात आवाज नाही. फोनवर बोलणं इथे असभ्य समजलं जातं, त्यामुळे जो तो मान खाली घालून पडद्यावर बोट फिरवतो आहे. भिंतीलगतच्या लांब बाकावर एक सावळा, दाढी राखलेला तरुण बसला आहे. त्याच्या शेजारची जागा रिकामी आहे. दोन स्टेशनं गेली, तीन गेली. लोक उभे राहतात, पण त्या जागेवर कोणी बसत नाही.

गाडी भुयारातून बाहेर पडून आराकावा नदीच्या पुलावर येते आणि मावळतीचा उजेड डब्यात पसरतो. तरुण मोबाइल पाहतो. मगरिबला तीन मिनिटं. खिशात खजूर आहे, पण रोजच्या गाडीत खाणंही इथे बरं दिसत नाही. निशी-कासाईला तो उतरतो, फलाटावरच्या यंत्रात नाणं टाकतो. लाल पट्टीच्या बाटल्या गरम, निळ्या पट्टीच्या गार. जवाच्या चहाची निळी बाटली धप्पकन खाली पडते. खांबाच्या आडोशाला उभा राहून तो बिस्मिल्ला म्हणतो, खजूर तोंडात टाकतो. त्याचा इफ्तार झाला.

हा तरुण कोणी एक नाही. जपानमध्ये राहून आलेल्या, अजूनही राहणाऱ्या अनेकांच्या अनुभवांतून उभा राहिलेला तो एक चेहरा आहे. त्याला नाव नको. तो चिपळूणचा आहे, पुण्यात जपानी भाषा शिकला आणि संगणकाच्या कामासाठी टोकियोला गेला, एवढं पुरे. पुण्यात जपानी शिकण्याची परंपरा जुनी आहे. निशी-कासाई ज्या एदोगावा भागात येतं, तिथे भारतीयांची मोठी वस्ती आहे. २०१९ मध्ये याच भागातून योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ स्थानिक परिषदेवर निवडून आले. त्यामुळे चिपळूणच्या मुलाला तिथे मराठी बोलायला माणूस मिळतो, गणपतीचा प्रसादही मिळतो. पण गाडीत बसलं की तो मराठी नसतो, कोकणी नसतो, मुसलमानही नसतो. तो फक्त बाहेरचा असतो.

गाय म्हणजे बाहेर

परदेशी माणसाला जपानीत बोलताना 'गायजिन' म्हणतात. 'गाय' म्हणजे बाहेर आणि 'जिन' म्हणजे माणूस. मराठी कानाला पहिल्यांदा हसू येतं. मग हळूहळू त्या शब्दाचं वजन कळू लागतं.

जपानची लोकसंख्या बारा कोटींच्या वर आहे. २०२४ च्या अखेरीस तिथे राहणारे परदेशी ३७ लाखांहून अधिक होते, म्हणजे शंभरात तीन. त्यातलेही बरेचसे चिनी, कोरियन, व्हिएतनामी. गर्दीत ते पटकन वेगळे दिसत नाहीत. सावळा रंग, दाढी किंवा डोक्यावरचा रुमाल मात्र लांबून दिसतो.

गाडीतली रिकामी जागा हा तिथल्या परदेशी लोकांच्या गप्पांचा कायमचा विषय आहे. पहिल्या वर्षी ती जागा बोचते. माणूस नकळत स्वतःच्या शर्टाचा वास घेऊन पाहतो. दुसऱ्या वर्षी तो त्यावर विनोद करायला शिकतो. पिशवी ठेवायला जागा मिळाली म्हणतो. तिसऱ्या वर्षी एखादा जपानी मित्र संकोचत सांगतो, "तुम्ही इंग्रजीत काही विचाराल आणि आम्हाला उत्तर देता येणार नाही, याची भीती वाटते रे." हे कारण प्रत्येक वेळी खरं असेलच असं नाही. पण रिकाम्या जागेच्या पलीकडेही एक घाबरलेला माणूस असू शकतो, हे तोवर चिपळूणच्या मुलाच्या मनातही आलेलं नसतं.

कौतुकाचीही एक तऱ्हा आहे. "नमस्कार, आज थंडी आहे," एवढं जपानीत बोललं तरी समोरचा म्हणतो, "तुमचं जपानी किती छान!" दोन काड्यांनी भात खाल्ला की टाळ्या. नव्या माणसाला हे सुखावतं. पण तिथेच जन्मलेल्या, तिथल्याच शाळेत शिकलेल्या पाकिस्तानी किंवा बांगलादेशी घरातल्या मुलालाही विशीत हेच ऐकावं लागतं, तेव्हा त्या कौतुकाचा अर्थ बदलतो. तुझा चेहरा इथला नाही, एवढाच तो अर्थ.

सोळा वर्षांवरच्या परदेशी माणसाने रहिवासी कार्ड सतत जवळ बाळगावं असा तिथला कायदा आहे. रस्त्यात पोलीस थांबवतात, नम्रपणे कार्ड मागतात, नम्रपणे परत देतात. तोच माणूस महिन्यातून दोनदा थांबवला गेला की त्या नम्रतेचाही थकवा येतो. केवळ दिसण्यावरून वारंवार अडवलं जातं, अशी तक्रार घेऊन जानेवारी २०२४ मध्ये परदेशी वंशाच्या तीन रहिवाशांनी टोकियोच्या न्यायालयात दावा दाखल केला. भाड्याचं घर शोधणं हा आणखी एक धडा. जपानच्या न्याय मंत्रालयाने २०१७ मध्ये जाहीर केलेल्या पाहणीत, घर शोधलेल्या परदेशी लोकांपैकी सुमारे ४० टक्क्यांनी परदेशी म्हणून नकार मिळाल्याचं सांगितलं होतं. आपल्याकडच्या शहरांत आडनाव सांगताच "जागा कालच गेली" हे उत्तर ज्यांनी ऐकलं आहे, त्यांना हा अनुभव नवा वाटणार नाही.

पहिलं शिकलेलं अक्षर

जपानी मुलं शाळेत डोंगर, नदी, झाड अशा सोप्या चित्राक्षरांपासून सुरुवात करतात. तिथे गेलेला मुसलमान मात्र दोन वेगळीच अक्षरं आधी पाठ करतो. एक 'बुता', म्हणजे डुक्कर. दुसरं 'साके', म्हणजे दारू. स्वतःचं नाव लिहिता यायच्या आधी त्याला ही दोन अक्षरं पाकिटाच्या मागच्या बारीक छपाईत शोधता आली पाहिजेत.

कारण ती कुठेही असू शकतात. रामेन नूडल्सचा रस्सा बऱ्याचदा डुकराच्या हाडांचा. भाजीला चकाकी यावी म्हणून घातलेल्या 'मिरिन'मध्ये मद्यार्क. गोळ्यांत जिलेटिन. पावात शॉर्टनिंग असतं, आणि ते वनस्पतीचं की प्राण्यांच्या चरबीचं, हे पाकिटावर लिहिलेलं नसतं. एक साधा पाव घ्यायला पंधरा मिनिटं लागतात.

गंमत अशी की त्या मांडणीसमोर तो एकटा नसतो. निशी-कासाईच्या दुकानात शेजारी एखादी गुजराती जैन गृहिणीही तसंच पाकीट उलटंसुलटं करून पाहत उभी असते. तिची अडचण त्याच्याहून मोठी. जपानी स्वयंपाकात सुकवलेल्या बोनितो माशाचं पाणी जवळजवळ सगळीकडे पडतं. शाकाहारी दिसणाऱ्या सूपमध्येही. मग दोघं एकमेकांना मदत करतात. "ताई, यात मासा आहे." "भाई, त्यात तुमचं ते दुसरं आहे." भारतात या दोघांचं स्वयंपाकघर कधी एकमेकांना भेटलं नसतं. इथे दोघंही एकाच चष्म्यातून पाकिटं वाचतात.

शिंजुकूजवळ शिन-ओकुबो नावाची वस्ती आहे. कोरियन दुकानांसाठी ती प्रसिद्ध. तिच्याच एका गल्लीला लोक 'इस्लामी गल्ली' म्हणतात. तिथे हलाल मटण मिळतं, तूरडाळ मिळते, हिरव्या मिरच्या आणि सहरीसाठी शेवयाही मिळतात. रमजानच्या आदल्या आठवड्यात तिथे खजुराचे खोके रस्त्यापर्यंत येतात. चिपळूणचा मुलगा गाडी बदलून तिथे जातो तो सामानासाठी कमी आणि गलक्यासाठी जास्त. घासाघीस करणारा माणूस त्याला महिनाभरात तिथेच भेटतो.

आणि करी? "तुम्ही भारतातले? आम्हाला करी फार आवडते!" हे वाक्य त्याने हजारदा ऐकलं आहे. जपानी करी गोडसर, घट्ट. तिच्या मसाल्याच्या वड्यांतही अनेकदा प्राण्यांची चरबी असते, म्हणून भारतीयाला भारताचं म्हणून दिलेलं तेच खाता येत नाही. पण या करीचा एक धागा खरोखर भारताशी जुळलेला आहे. इंग्रजांच्या हातून निसटून १९१५ मध्ये जपानला पोहोचलेले क्रांतिकारक रासबिहारी बोस यांना शिंजुकूच्या नाकामुराया या बेकरीवाल्या कुटुंबाने आसरा दिला. पुढे बोस त्या घरचे जावई झाले आणि १९२७ मध्ये त्या दुकानाने त्यांच्या पद्धतीची भारतीय करी विकायला काढली. ती आजही मिळते. परक्याला लपवून ठेवणारं घरही त्याच शहरात होतं, हे त्या ताटलीमुळे आठवतं.

पोट बिघडलंय

नमाज दिसते, टोपी दिसते, जकात देणाऱ्याचा हातही दिसतो. रोजा दिसत नाही. तो अल्लाह आणि बंद्यामधला मामला आहे. चिपळूणमध्ये तो कोणाला सांगावाही लागत नाही. बाजारात फळांचे भाव चढतात, संध्याकाळी भज्यांच्या गाड्या लागतात, आणि दुकानात चहा मागवणारा हिंदू मित्र आपसूक एक कप कमी सांगतो, वर म्हणतो, "सहाला येतोच, खजूर ठेव माझ्यासाठी." गाव त्याच्या भुकेची वेळ ओळखतं.

टोकियोच्या कार्यालयात बाराच्या ठोक्याला सगळे एकदम जेवायला उठतात. पहिल्या वर्षी, पहिल्या रोज्याला, "चला जेवायला," असं कोणी म्हटलं आणि समजावून सांगण्याच्या कंटाळ्याने तो बोलून गेला, "पोट बिघडलंय." दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशी शेजारच्या टेबलावरची वयस्क सहकारी बाई झाकणाचं भांडं घेऊन आली. आत मऊसूत तांदळाची पेज होती, वर आंबवलेलं खारट आलुबुखारसारखं फळ. "पोट बिघडलं की आमच्याकडे हेच देतात," ती म्हणाली.

कोकणातल्या मुलाने पेज पाहिली आणि त्याला घर आठवलं. त्याच्याही आजीने तापात हेच दिलं होतं. रोज्यात खोटं बोलू नये हे त्याला लहानपणापासून माहीत होतं. उपाशी राहून खोटं बोलणारा नुसता उपाशी राहतो, असं मदरशातले हाफिजसाब सांगायचे. त्याने मान खाली घातली आणि खरं सांगितलं.

मग प्रश्न सुरू झाले.

"काहीच खात नाही?"

"सूर्य मावळेपर्यंत काही नाही."

"पाणीसुद्धा नाही?"

"पाणीसुद्धा नाही."

जगातल्या प्रत्येक रोजेदाराला हा प्रश्न आपापल्या भाषेत विचारला गेला आहे. चिपळूणच्या शाळेत वर्गमित्रांनीही त्याला तो विचारला होता, आणि त्यातल्याच एकाची आजी निर्जला एकादशी करते हे कळल्यावर दोघांनी मिळून आजीला विचारलं होतं, "पाणीसुद्धा नाही?" जपानी बाईचा स्वर तोच होता. त्यात टिंगल नव्हती, काळजी होती.

"पण का?" तिने शेवटी विचारलं.

त्याने पाठ केलेलं उत्तर दिलं. उपाशी माणसाची भूक कळावी म्हणून.

ती थोडा वेळ गप्प राहिली. मग अगदी सरळपणे म्हणाली, "मग कळली का?"

या प्रश्नावर त्याच्याकडे उत्तर नव्हतं. पंधरा वर्षं रोजे ठेवून झाले होते. गावात कोणी हे विचारलं नसतं, कारण गावात सगळ्यांना माहीतच होतं. ज्याला काही माहीत नाही, त्यानेच मुळाशी हात घातला. त्या रात्री तरावीहनंतर तो बराच वेळ जागा होता. पुढच्या रविवारी तो उएनोच्या बागेत बेघर लोकांना जेवण वाटणाऱ्यांच्या रांगेत वाढायला उभा राहिला.

ती पेज त्याने घरी नेली आणि मगरिबनंतर गरम करून खाल्ली.

गेली काही वर्षं रमजान चेरीच्या बहराच्या सुमारास येतो आहे. मार्चच्या शेवटी सगळं टोकियो झाडांखाली निळ्या ताडपत्र्या अंथरून बसतं. कार्यालयातल्या सगळ्यांत नवख्या माणसाने सकाळपासून ताडपत्रीवर बसून जागा धरायची, असा रिवाज. "मी बसतो," चिपळूणचा मुलगा म्हणाला, "नाहीतरी जेवायला उठायचं नाही." सगळे हसले, तोही हसला. संध्याकाळी बिअरचे ग्लास भरले गेले, त्याच्यापुढे संत्र्याचा रस आला. साहेबांनी घड्याळ पाहून विचारलं, "अजून किती मिनिटं?" सात. वीस माणसं सात मिनिटं भरलेले ग्लास समोर ठेवून बसली. दारूची मैफल आणि रोजा एकाच ताडपत्रीवर, हे कोणत्या किताबात बसतं ते त्याला माहीत नाही. पण ती सात मिनिटं तो विसरलेला नाही.

डब्यातला तोच रंग

मोठ्या माणसाला समजावून सांगता येतं. सहा वर्षांच्या मुलाचं काय?

जपानी प्राथमिक शाळेत दुपारचं जेवण सगळ्यांना एकच असतं. मुलंच पांढरे डगले घालून वाढतात, सगळे एकत्र खातात. समान वागण्याचा पहिला धडा तिथे ताटातून दिला जातो. या ताटात डुकराचं मांस असलं की मुसलमान घरचं मूल वेगळं पडतं. म्हणून कित्येक आया महिन्याच्या सुरुवातीला शाळेकडून येणारी जेवणाची यादी फ्रिजवर लावतात आणि त्या दिवशी शाळेत जे असेल त्याच्यासारखं दिसणारं काही घरी बनवतात. शाळेत डुकराचा कटलेट असेल तर डब्यात कोंबडीचा, त्याच आकाराचा. शाळेत तपकिरी रस्सा तर डब्यातही तपकिरी. चव कोणी पाहत नाही, रंग सगळे पाहतात, हे त्या आयांना पक्कं ठाऊक असतं. डोळ्यांत झोप असताना, सहरीच्या भांड्यांशेजारीच हे डबे भरले जातात.

मुलींच्या रुमालावरून सगळ्यांत जास्त विचारला जाणारा प्रश्न एकच: "गरम होत नाही का?" जुलैच्या दमट उन्हात तो रास्तच आहे. "होतं की," असं उत्तर दिलं की विचारणारी आणि रुमालवाली दोघी हसतात आणि विषय संपतो. त्याहून लहान मुलांचा प्रश्न आणखी सरळ असतो: "आत केस आहेत ना?"

चपला बाहेर, अजान आत

परकेपणाच्या या यादीत काही गोष्टी मात्र अनपेक्षितपणे आपल्या निघतात. पहिली चपलांची. जपानी घरात कोणी चपला घालून जात नाही. उंबऱ्याशी काढतात, टोक दाराकडे करून नीट लावून ठेवतात. त्यामुळे मशीद पाहायला आलेल्या जपानी पाहुण्याला पायऱ्यांशी काही सांगावं लागत नाही. दुसरी गोष्ट पाण्याची. पाण्याने स्वच्छ होण्याची सवय असलेल्या माणसाला युरोप-अमेरिकेत कागदावर भागवावं लागतं. जपानी संडासात पाण्याचा फवारा असतो, तोही कोमट. १९८० साली तिथल्या एका कंपनीने तो बाजारात आणला आणि आता तो जवळजवळ घरोघरी आहे. यावर शेकडो मुसलमानांनी मनातल्या मनात शुक्र अदा केला असेल. वजूचं मात्र तसं नाही. कार्यालयाच्या चकचकीत बेसिनमध्ये पाय वर करून धुणारा माणूस पाहून आत आलेला सहकारी "माफ करा" म्हणत परत फिरतो. तेव्हा अनुभवी माणसं बाटलीतून पाणी घेतात, फरशी पुसून मगच बाहेर पडतात आणि जिन्याच्या मधल्या वळणावर नमाज उरकतात.

अजान मशिदीच्या आतच होते. बाहेर भोंगा नाही. वेळ मोबाइल सांगतो. चंद्राचंही तसंच, ढगाळ आभाळात तो दिसला नाही तर तिथली चांद कमिटी मलेशियाच्या निर्णयाकडे पाहते. तरावीहनंतर मशिदीच्या दारात एक स्वयंसेवक उभा असतो. रस्त्यावर घोळका करू नका, सायकली वाटेत लावू नका, हळू बोला, हे त्याचं महिनाभराचं काम. कचऱ्याचा डबा चुकीच्या दिवशी बाहेर आला तरी पहिला संशय मशिदीवर येईल, हे सगळ्यांना माहीत असतं. परक्याची एक चूक त्याच्या सगळ्या जमातीच्या खात्यावर लिहिली जाते. जपानमध्ये आणि इतरत्रही.

तरीही शंभर वर्षांच्या आत जे उभं राहिलं ते थोडं नाही. आज उभी असलेली जपानमधली सर्वांत जुनी मशीद कोबे शहरात आहे, १९३५ ची. बंदराच्या व्यापारात असलेले भारतीय मुसलमान आणि रशियातून आलेले तातार यांच्या पैशातून ती बांधली गेली. १९४५ च्या बॉम्बफेकीत आजूबाजूचं शहर जळालं, ती राहिली. १९९५ च्या भूकंपातही राहिली. त्याच शहरात शीखांचा गुरुद्वारा आणि जैनांचं मंदिरही आहे. टोकियोची मोठी मशीद १९३८ ची. रशियन क्रांतीनंतर देशोधडीला लागलेल्या तातारांनी ती उभारली. जीर्ण झाल्यामुळे १९८६ मध्ये पाडली गेली आणि तुर्की कारागिरांच्या हातून २००० साली पुन्हा उभी राहिली. १९९९ मध्ये साऱ्या जपानात पंधराएक मशिदी होत्या. २०२१ पर्यंत शंभरावर झाल्या. पुष्कळशा म्हणजे जुनं दुकान किंवा दोन मजली घर, वर छोटी पाटी.

टोकियोच्या ओत्सुका भागातली मशीद अशीच एका साध्या इमारतीत आहे. मार्च २०११ मध्ये ईशान्य जपानला भूकंप आणि त्सुनामीचा तडाखा बसला तेव्हा तिथे भाताचे मोठमोठे हंडे चढले. आपत्तीग्रस्तांसाठी भाताचे गोळे करायचे होते. शेजारचे जपानी लोक मदतीला आले, कारण तो गोळा हातावर नीट कसा वळायचा हे त्यांना माहीत होतं. मशिदीतल्या लोकांनी गाड्या भरल्या आणि उत्तरेला नेल्या. इतकी वर्षं दारावरून नुसते जाणारे शेजारी त्या दिवसांत पहिल्यांदा चपला काढून आत आले.

मातीचा प्रश्न

सगळंच असं गोड नाही. एक प्रश्न अजून सुटलेला नाही आणि तो शेवटच्या दिवसाचा आहे.

जपानमध्ये जवळजवळ प्रत्येक मृताचं दहन होतं. दफनाला सरसकट बंदी नाही, पण जागा मिळत नाही. मुसलमानांना दफन करता येईल अशा जागा साऱ्या देशात हाताच्या बोटांवर मोजण्याइतक्या आहेत. क्यूशू बेटावर बेप्पूच्या मुसलमानांनी जवळच्या हिजी गावात दफनभूमीसाठी जागा पाहिली. पिण्याचं पाणी खराब होईल या भीतीने गावकऱ्यांनी विरोध केला आणि वर्षानुवर्षं प्रस्ताव अडकून पडला. पाण्याची काळजी करणारा प्रत्येक गावकरी द्वेष्टा नसतो आणि आपल्या बापाला मातीत ठेवू पाहणारा मुलगा हट्टी नसतो. दोघांच्या मधे ती रेल्वेतली रिकामी जागाच आहे, जरा मोठी झालेली.

पण यामानाशी प्रांतात, कोशूजवळच्या डोंगरउतारावर, एक मुस्लिम दफनभूमी गेली पन्नासएक वर्षं शांतपणे नांदते आहे. ती एका बौद्ध मंदिराच्या आश्रयाने आहे. एका धर्माच्या देवळाने दुसऱ्या धर्माच्या मृतांना जागा दिली, एवढीच ती गोष्ट.

सरकून बसणं

ईदच्या दिवशी जपानमध्ये सुट्टी नसते. चिपळूणचा मुलगा अर्धी रजा टाकतो. जागा पुरत नाही म्हणून मशिदीत एकामागून एक जमाती होतात. सातची चुकली तर आठची. नमाजनंतर इंडोनेशियन, तुर्की, सेनेगली अनोळखी माणसं गळ्यात पडतात. मग तो कार्यालयात जातो. टेबलावर डबा ठेवतो. शीरखुर्मा. त्यात काय काय आहे, हे त्याने जपानीत चिठ्ठीवर लिहिलं आहे, कारण पाकिटाची मागची बाजू वाचावी लागणाऱ्या माणसाला दुसऱ्याच्या शंकेची कदर असते. पेजवाली बाई दोनदा घेते.

दुपारी घरून फोन येतो.

"ईद मुबारक रे. नवे कपडे घातलेस का?"

"घातले अम्मी. वरून कोट."

"तिथे कुणी विचारतं का रे तुला?"

तो क्षणभर थांबतो. "हो अम्मी. आता विचारतात."

चाकण-रांजणगावच्या कारखान्यांत कामाला आलेले जपानी लोक पुण्याच्या रस्त्यावर दिसतात, तेव्हा तेही बाहेरचेच असतात. पोरं त्यांच्याबरोबर फोटो काढून घेतात, रिक्षावाले निरखून पाहतात, आणि हाताने वरणभात कालवला की टाळ्या त्यांनाही मिळतात. आपल्या छोट्या गावांतही आता परप्रांतातला गवंडी आहे, नेपाळी स्वयंपाकी आहे, ईशान्येची परिचारिका आहे. त्यांच्या शेजारची जागा भरलेली असते की रिकामी, हे जाता-येता पाहण्यासारखं आहे.

चिपळूणच्या मुलाने अलीकडे एक गोष्ट सुरू केली आहे. गाडीत शेजारची जागा रिकामी राहिली आणि समोर कोणी उभं असलं की तो थोडा सरकतो, हाताने जागा दाखवतो आणि म्हणतो, "दोझो." म्हणजे, या, बसा. बहुतेक वेळा समोरचा दचकतो, वाकून आभार मानतो आणि बसतो. कधी कधी बसतही नाही.

त्या दिवशी मार्चच्या संध्याकाळी एक आजोबा बसले. पूल आला, उजेड डब्यात शिरला. मुलाने मोबाइल पाहिला, खिशातला खजूर चाचपला. आजोबांनी ते पाहिलं.

"भूक लागली आहे?" त्यांनी हळूच विचारलं.

"रोजा आहे. अजून दोन मिनिटं."

आजोबा वळून नीट बसले. चेहऱ्यावर काळजी. पुढचा प्रश्न काय येणार, हे त्याला माहीत होतं, आणि या वेळी तो त्याची वाट पाहत होता.